खराब झालेल्या रोलमधून कामाचा कागद कसा काढावा

कागदाचा रोल गाडीवरून पडला, क्लॅम्पखाली (रोल पकडून उचलणाऱ्या यंत्राच्या जबड्यांत) चिरडला किंवा बुडाशी पाणी शिरले, की हात पहिल्यांदा पात्याकडे जातो. चांगला कागद दिसेपर्यंत वरचे थर सोलत जायचे, ही जवळपास सगळीकडची पद्धत. रोल पडल्याने जेवढा कागद वाया जात नाही, तेवढा या घाईच्या सोलण्यात जातो. म्हणून या लेखात पात्याच्या आधी मोजपट्टी येईल आणि थोडे गणितही येईल. गणित सोपे आहे, आणि रोल वाचवण्याचे अर्धे काम तेच करते.

हिशेबासाठी एकच रोल पूर्ण लेखभर धरू: बाहेरचा व्यास १००० मिमी, कोअरचा, म्हणजे कागद ज्या नळीवर गुंडाळलेला असतो तिचा, बाहेरचा व्यास १०० मिमी, रुंदी ९०० मिमी, कागद ६० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचे वजन ६० ग्रॅम) आणि जाडी ०.०७५ मिमी.

बाहेरचा थर आणि आतला थर

रोलमध्ये किती मीटर कागद आहे हे असे काढतात: बाहेरच्या व्यासाचा वर्ग करा, त्यातून कोअरच्या व्यासाचा वर्ग वजा करा, उत्तराला ०.७८५ ने गुणा आणि कागदाच्या जाडीने भागा. सगळी मापे मिलिमीटरमध्ये घेतली की उत्तरही मिलिमीटरमध्येच येते. आपल्या रोलमध्ये साधारण १०,३६० मीटर कागद निघतो, आणि त्याचे वजन सुमारे ५६० किलो.

आता याच रोलचा बाहेरचा फक्त ५ मिमी थर सोलला तर किती कागद जातो? सुमारे २०८ मीटर. आणि कोअरला लागून असलेला ५ मिमी थर टाकून दिला तर? जेमतेम २२ मीटर. जाडी तीच, पण नुकसान जवळजवळ दहापट. बाहेरून १० मिमी सोलले की रोलचा ४ टक्के कागद गेला, २५ मिमी सोलले की १० टक्के, ५० मिमी सोलले की १९ टक्के, आणि १०० मिमी सोलले की ३६ टक्के. कोअरजवळच्या सुरकुत्यांसाठी जीव टाकणारे आणि बाहेरचे दोन इंच सहज सोलून फेकणारे कारागीर मी पाहिले आहेत. खरे तर उलटे व्हायला हवे. जपायचा तो बाहेरचा थर.

जाडी माहीत नसेल तर त्याच कागदाच्या दहा पट्ट्या एकावर एक ठेवून मायक्रोमीटरने मोजा आणि दहाने भागा. एकाच कागदावर मायक्रोमीटर लावून घेतलेले माप फसवते.

पाते लावण्याआधी

रोल पुरवठादाराकडून किंवा वाहतुकीत खराब होऊन आला असेल आणि भरपाई मागायची असेल, तर वेष्टन काढण्याआधी फोटो घ्या. वेष्टनावरचा मार, दोन्ही टोके आणि लेबल स्पष्ट दिसायला हवे. लेबलवर रोल क्रमांक, रुंदी, जीएसएम, निव्वळ वजन आणि बहुधा उलगडण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. ही माहिती पुढे प्रत्येक पायरीवर लागते, म्हणून लेबल फाडून फेकू नका. वेष्टनासकट कापून जपून ठेवा. एकदा पाते लागले की नुकसान आधीचे किती आणि आपले किती, हे कोणालाही सांगता येत नाही.

रोलचे वजनही करून घ्या. वेष्टनाचे आणि कोअरचे वजन धरूनही काटा लेबलपेक्षा बराच जास्त दाखवत असेल, तर त्याने पाणी प्यायले आहे. बाहेरून कोरडा दिसला तरी.

मग जागा तयार करा. सपाट, कोरडी, झाडून घेतलेली जमीन, तिच्यावर स्वच्छ पुठ्ठा किंवा जाड क्राफ्ट कागद. जमिनीवरचा एक खडा रोलखाली आला तर तो पाचपन्नास थरांना भोके पाडतो. रोल आडवा ठेवत असाल तर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी लावल्याशिवाय त्याच्याजवळ बसू नका. अर्धा टन वजन एकदा घरंगळायला लागले की हाताने थांबत नाही.

मार तीन दिशांनी मोजा

रोलवरच्या प्रत्येक जखमेची तीन मापे असतात, आणि तिन्ही लिहून काढल्याशिवाय उपाय ठरवू नये.

पहिले माप खोली: मार बाहेरच्या पृष्ठभागापासून कोअरच्या दिशेने किती मिलिमीटर गेला आहे. कडेचा मार असेल तर हे रोलच्या टोकावर सरळ दिसते. मधोमध बसलेला मार असेल तर पात्याने एक छोटी खिडकी कापून पाहावी लागते.

दुसरे माप कडेपासून आत: कागदाच्या रुंदीत मार किती शिरला आहे. पडलेल्या रोलची कड बाहेरून २० मिमी चुरगळलेली दिसते, पण प्रत्यक्ष फाटलेला भाग ८ मिमीच असू शकतो. वरचे दोन-तीन थर उलगडून खरे माप घ्या.

तिसरे माप घेर: मार परिघाच्या किती भागावर पसरला आहे. क्लॅम्पने दाबलेल्या रोलवर बहुधा समोरासमोर दोन खुणा असतात. एक सापडली की दुसरी शोधाच. पाण्याने भिजलेला रोल मात्र बऱ्याचदा पूर्ण घेरभर भिजलेला असतो.

याखेरीज लाकडी दांडक्याने रोलवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत जा. घट्ट गुंडाळलेला कोरडा भाग टणक आवाज देतो. ओला, सैल किंवा आतून फुटलेला भाग बोदा वाजतो. कागदाच्या कारखान्यांत ही जुनी पद्धत आहे आणि आजही ती कामाची आहे. जिथे आवाज बदलतो तिथे पेन्सिलने खूण करा.

कागद कशासाठी हवा ते आधी ठरवा

रोल वरून पूर्ण चांगला करणे हे उद्दिष्ट कधीच नसते. कोणत्या कामासाठी तो पुरेसा चांगला व्हायला हवा, एवढेच पाहायचे असते. वेगाने धावणाऱ्या वेब छपाई यंत्राला (जे थेट रोलवरून सलग कागद छापते) सगळ्यात निर्दोष रोल लागतो: कडा अखंड, कोअर गोल, जोड कमीत कमी. शीट कापणारे यंत्र हळू चालते आणि बरेच सहन करते. हाताने कापून वह्या, पिशव्या, आराखड्यांचे नमुने किंवा मुलांच्या चित्रांसाठी कागद काढायचा असेल तर चुरगळलेला भाग वगळला की झाले. आणि भरावासाठी, म्हणजे खोक्यात वस्तू हलू नये म्हणून, तर सुरकुतलेला कागदही चालतो.

आपल्या ९०० मिमी रोलमधून ए-४ कागद काढायचा आहे असे समजा. ए-४ चे माप २१० × २९७ मिमी. रुंदीत २१० चे चार तुकडे बसतात, म्हणजे ८४० मिमी. उरलेले ६० मिमी, दोन्ही बाजूंचे ३०-३०, तसेही छाटणीत जाणार. मग कड १५ मिमी आतपर्यंत फाटलेली असली तरी या कामासाठी नुकसान शून्य आहे! तोच रोल ९०० मिमी रुंदीतच छापायचा असेल तर मात्र तीच १५ मिमी जखम मोठी होते. म्हणून सोलायचे, छाटायचे की काहीच करायचे नाही, हे काम ठरल्यावरच ठरते.

या मांडणीत आणखी एक फायदा आहे. २९७ मिमीची बाजू कागदाच्या धावण्याच्या दिशेने येते, म्हणजे ग्रेन (कागदातल्या तंतूंची दिशा) लांब बाजूला समांतर राहतो. कॉपियर आणि प्रिंटरमध्ये असा कागद कमी वळतो आणि कमी अडकतो. जागा वाचवण्यासाठी काही शीट आडवी आणि काही उभी कापण्याचा मोह होतो, पण वेगवेगळ्या ग्रेनचा कागद एकाच रिममध्ये, म्हणजे ५०० कागदांच्या गठ्ठ्यात, मिसळला की तो वापरणाऱ्याला त्रासच देतो.

कडेची जखम

कडेवर टोकदार खाच पडली की तिच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो आणि कागद तिथूनच आडवा फाटत जातो. यंत्रावर रोल तुटण्याचे हे नेहमीचे कारण. खाच दोन-तीन मिलिमीटरपेक्षा आत नसेल तर ती काढून टाकायची गरज नाही, तिचा टोकदारपणा काढला की पुरते. लाकडी ठोकळ्याला साधारण ८० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा आणि रोलच्या टोकावर थरांच्या दिशेने, म्हणजे घेराला धरून, घासा. थरांना आडवे घासले तर कडा दुमडून एकमेकींत अडकतात. खाच जिथे आहे तिथेच खड्डा करत बसू नका. दोन्ही बाजूंना वीस-तीस मिलिमीटरपर्यंत उतार देत तिला उथळ, गोल वळणात मिसळवा. तिरक्या उजेडात पाहिले तर कुठेही कोपरा दिसता कामा नये. शेवटी धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्या. हवेने उडवली तर ती थरांत शिरते आणि पुढे छपाईत पांढरे ठिपके पाडते. घासताना तोंडावर मास्क हवाच.

थर्मल कागदाच्या रोलवर असे घासू नका. घर्षणाची उष्णता त्याच्या लेपाला काळे करायला पुरेशी असते. कागद थर्मल आहे का हे कळत नसेल तर नखाने जोरात रेघ ओढा. काळी उमटली तर आहे.

खाच याहून आत गेली असेल तर दोन पर्याय उरतात: त्या खोलीपर्यंत थर सोलणे, किंवा स्लिटर-रिवाइंडरवर (रोल उलगडून, कापून पुन्हा गुंडाळणाऱ्या यंत्रावर) संपूर्ण रोलची कड छाटणे. इथे गणित करा. समजा खाच कडेपासून ८ मिमी आत आणि ३० मिमी खोल आहे. ३० मिमी सोलले तर रोलचा जवळपास १२ टक्के कागद जातो. कड १० मिमी छाटली तर १.१ टक्का. फरक एवढा मोठा असतो की यंत्र लावण्याचा वेळ धरूनही छाटणीच परवडते, फक्त ८९० मिमी रुंदीचा उपयोग असायला हवा. उलट, खाच ६० मिमी आत आणि फक्त ४ मिमी खोल असेल तर न बोलता सोला. सोलण्यात दीड टक्का जाईल, छाटण्यात साडेसहा टक्क्यांहून जास्त.

रोलचे टोक सरळ करवतीने कापून टाकण्याचा सल्लाही कधी कधी मिळतो. खास करवतयंत्र असेल तर ठीक. साध्या करवतीने कडा तंतूंनी विणल्यासारख्या होतात, थर सुटत नाहीत, आणि नंतर पुन्हा छाटावेच लागते. लहान व्यासाचा रोल आणि भरावाचे काम असेल तरच तसे करा.

थर सोलणे आणि सोललेला थर न फेकणे

सोलायचेच ठरले तर कुठे कापायचे याला फार महत्त्व आहे. पाते जखमेच्या मधोमध चालवा. बरेच जण चांगला, गुळगुळीत भाग पाहून तिथे कापतात, कारण तिथे पाते सरळ चालते. असे केले की सोललेल्या प्रत्येक शीटच्या बरोबर मध्ये फाटलेला भाग येतो आणि पूर्ण शीट निकामी होते. जखमेतून कापले की फाटका भाग दोन टोकांना वाटला जातो आणि मधला अखंड राहतो.

रोल शाफ्टवर (कोअरमधून जाणाऱ्या दांड्यावर) टांगता आला तर उत्तम. जमिनीवर असेल तर जखम वर येईल असा फिरवा आणि पाचरी लावा. लोखंडी पट्टी रुंदीभर सरळ धरा. पाते एका वेळी ३ ते ५ मिमीच खोल जाईल इतके बाहेर ठेवा आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एका दमात ओढा. दुसरा हात पात्याच्या वाटेत कधीच नको, आणि पाते स्वतःच्या पायाकडे ओढू नका. घट्ट गुंडाळलेल्या रोलचे थर कापताच झटकन उघडतात आणि दोन्ही बाजूंना घसरतात. समोर कोणी उभे नाही याची खात्री करा. घसरलेला थर रोलखाली अडकलेला असतो, तो ओढून काढायचा प्रयत्न केला तर फाटतो. पाचरी काढून रोल सावकाश पुढे, स्वच्छ कागदावर, लोटा. मागे थर सपाट पडलेला मिळतो.

हव्या खोलीला पोहोचलात की थांबा आणि पुढचे काम हाताने करा. शेवटच्या फटकाऱ्यात पात्याने खालच्या दोन-चार थरांनाही ओरखडा काढलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण यंत्रावर ताण बसला की बरोबर तिथेच तुकडा पडतो. म्हणून एक-एक फेरा हाताने उलगडा, उजेडासमोर धरून पाहा, आणि सलग दोन फेरे स्वच्छ मिळाले की मगच रोल तयार समजा.

आता सोललेल्या थराकडे वळू, कारण बहुतेक ठिकाणी तो सरळ रद्दीत जातो. आपल्या रोलचा १० मिमी थर म्हणजे साधारण १३३ शीट, प्रत्येक तीन मीटरहून लांब आणि ९०० मिमी रुंद. वजन २२ किलो. जखम घेरात ३०० मिमी पसरली होती असे धरू. ती वगळली तर सर्वात आखूड शीटमध्येही २,७७० मिमीहून अधिक अखंड कागद उरतो. त्यात २९७ च्या नऊ ओळी, प्रत्येक ओळीत चार, म्हणजे एका शीटमधून ३६ ए-४. एकूण ४,७८८ कागद. ५०० ची रिम धरली तर नऊ रिम आणि वर थोडे. रद्दी म्हणून बाजूला पडलेल्या २२ किलोंपैकी जवळपास १८ किलो कागद वापरात आला.

त्यासाठी थर उलगडताच खराब टोके कापून टाका, शीटच्या कडा जुळवून गठ्ठा लावा आणि वाकलेली बाजू खाली करून वर सपाट फळी व वजन ठेवा. बाहेरच्या थरांची वळण फार नसते, एक-दोन दिवसांत बसते. कोअरजवळच्या कागदाची वळण मात्र सहसा पूर्ण जात नाही. तो छपाईपेक्षा पिशव्या, वेष्टने यांच्यासाठी ठेवलेला बरा. गिलोटिनवर कापताना एका वेळी थोडाच गठ्ठा घ्या. वळण असलेला जाड गठ्ठा दाबाखाली सरकतो आणि वरचा-खालचा कागद वेगळ्या मापाचा निघतो.

कोअर दबला असेल तर

कोअर बहुतेक ७६ मिमी किंवा १५२ मिमी आतील व्यासाचे, म्हणजे तीन आणि सहा इंची असतात. टोक दबले की यंत्राचा चक (कोअरच्या टोकात शिरून रोल धरणारा भाग) किंवा शाफ्ट आत जात नाही. हातोड्याने चक ठोकून बसवू नका. कोअर आतून फाटतो आणि रोल फिरताना घसरायला लागतो. निमुळता, टणक लाकडी गट्टू हळूहळू फिरवत आत सारा, काही वेळ तसाच राहू द्या, काढा, मापा, पुन्हा सारा. टोकच तेवढे दबले असेल तर बऱ्याचदा ते इतके उघडते की हळू चालणाऱ्या यंत्रावर रोल चढतो. मधेच चेपलेला किंवा सुटे पापुद्रे निघालेला कोअर दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका. असा रोल दुसऱ्या कोअरवर उलगडून घ्यावा.

यंत्रच नसेल आणि रोल लहान असेल तर त्याला उभा करा, कोअर पिळून बाहेर काढा आणि कागद आतून ओढत जा. आतून ओढलेल्या कागदाला प्रत्येक फेऱ्यागणिक एक पीळ पडतो. भरावासाठी याने काही बिघडत नाही, पण शीट काढायची असतील तर ही पद्धत नको.

वाकडा, सरकलेला, तारा पडलेला

आडवा पडून राहिल्याने रोल एका बाजूने चपटा होतो. दोन काटकोनी दिशांनी व्यास मोजून फरक काढा. असा रोल फिरताना प्रत्येक फेऱ्यात कागद ओढला जातो आणि सैल सुटतो. जोरात चालवला तर तुटतो. इथे सोलण्याने काही साधत नाही, कारण वाकडेपणा आतपर्यंत असतो. यंत्र हळू चालवा, ब्रेक हलका ठेवा, आणि व्यास कमी होत जाईल तसा वेग वाढवा. पुढचा रोल चपटा होऊ नये म्हणून रोल उभे साठवा.

थर एका बाजूला सरकून रोल दुर्बिणीसारखा लांबला असेल तर बाहेर आलेला भाग ठोकून आत ढकलण्याचा मोह टाळा. कडा दुमडतात आणि मग खरेच काही उरत नाही. रिवाइंडरवर कड जुळवत सावकाश दुसऱ्या कोअरवर घ्यावा. टोकावर चांदणीसारख्या रेषा दिसत असतील तर आतले थर सैल आणि बाहेरचे घट्ट बसले आहेत. बाहेरचा कागद बहुधा चांगला निघतो, सुरकुत्या मध्यापासून सुरू होतात. असा रोल शीट कापण्यासाठी वापरा आणि सुरकुत्या लागल्या की थांबा.

भिजलेला रोल

पाण्याच्या बाबतीत वेळ मोजून काम करावे लागते. ओल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरू शकते. पहिले काम, रोल पाण्यातून उचलून कोरड्या टोकावर उभा करणे. ओले टोक खाली राहिले तर कागद दिव्याच्या वातीसारखा पाणी वर ओढत राहतो.

लेप दिलेला चकचकीत कागद भिजला असेल तर माझे स्पष्ट मत आहे की त्याचा भिजलेला भाग वाचवायला जाऊ नये. लेप विरघळतो, थर एकमेकांना चिकटतात, आणि सुकल्यावर वीट तयार होते. ओला भाग कापून टाका आणि कोरडा तेवढा ठेवा. साधा, लेप नसलेला कागद जरा जास्त साथ देतो, पण पूर्ण रोल उन्हात किंवा हीटरसमोर सुकवणे हा उपाय नव्हे. बाहेरचे थर आखडतात, आतले ओलेच राहतात, कडा लाटांसारख्या होतात. बाहेरून भिजला असेल तर ओले थर लगेच सोला. टोकाकडून भिजला असेल तर ओलावा कडेपासून किती आत गेला आहे ते पाहून तेवढी कड छाटा, आणि पाण्याची रेष दिसते त्याच्या पुढे थोडे अंतर आणखी सोडा. ओलावा रेषेच्या पुढे गेलेला असतो.

आर्द्रतामापक असेल तर कोरड्या भागाशी तुलना करा. छपाईच्या कागदात साधारण ४ ते ७ टक्के ओलावा असतो. वाचवलेला कागद कापल्यावर लगेच वापरू नका. सुमारे ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या, पंखा चालू असलेल्या खोलीत, सुटे गठ्ठे लावून एक-दोन दिवस राहू द्या. कुबट वास येत असेल किंवा करडे-हिरवे ठिपके दिसले तर तो गठ्ठा बाकीच्यांजवळ ठेवू नका, आणि हाताळताना मास्क व हातमोजे घाला. सांडपाणी किंवा पुराचे पाणी लागलेला कागद सरळ टाकून द्या. भिजलेल्या किंवा जमिनीवर उघडा पडलेल्या रोलचा कोणताही कागद खाण्याच्या वस्तूंना लागेल अशा कामात वापरायचा नाही, तो कितीही स्वच्छ दिसला तरी.

पुन्हा गुंडाळणे आणि जोड

नवा कोअर कागदाच्या रुंदीइतकाच कापा. बाहेर आलेला कोअर पहिल्या धक्क्याला चेपतो. सुरुवातीला कागद घट्ट गुंडाळा आणि व्यास वाढेल तसे टेन्शन, म्हणजे कागदावरचा ताण, थोडे थोडे कमी करा. उलट केले तर नुकत्याच सांगितलेल्या चांदण्या आपल्याच रोलवर दिसतील. हाताने गुंडाळत असाल तर उलगडणाऱ्या शाफ्टवर जाड पट्टा टाकून त्याला वजन बांधा, म्हणजे ब्रेक सारखा बसतो. चालत्या कागदाची कड हाताने सावरायला जाऊ नका; कागद जिथे रोलवर चढतो तिथे बोटे ओढली जातात.

मध्येच फाटका भाग आला तर तो पूर्ण कापून जोड द्या. दोन्ही टोके काटकोनात, स्वच्छ कापा. कागदाची तीच बाजू वर आहे ना ते तपासा, कारण दोन बाजूंचा गुळगुळीतपणा सारखा नसतो. वीस-पंचवीस मिलिमीटर एकावर एक येऊ द्या आणि पूर्ण रुंदीभर जोडपट्टी लावा. डिंक कडेबाहेर आला तर शेजारचे थर चिकटतात. जोडाजवळ टोकातून दिसेल अशी रंगीत चिठ्ठी घाला.

मधल्या जखमेच्या खुणा सारख्या अंतराने येत असतील तर त्या अंतरावरून रोल कुठवर आला हे कळते. अंतर म्हणजे त्या जागचा परीघ: व्यास १००० असेल तर ३.१४ मीटर, ८०० असेल तर २.५१ मीटर. सुरुवातीला मोजलेली खोली आठवा, त्या व्यासाला पोहोचल्यावर खुणा थांबायला हव्यात. थांबल्या नाहीत तर मार आपण मोजला त्याहून खोल आहे, आणि पुढच्या प्रत्येक फेऱ्याचा तो तुकडा बाजूला काढावा लागेल.

निवड आणि नोंद

कापलेला कागद पंख्यासारखा पसरून कडा पाहा, मग काही कागद एक-एक करून उजेडासमोर धरा. सूक्ष्म चिरा आणि भोके अशीच दिसतात. कॉपियरसाठी असेल तर पूर्ण रिम बांधण्याआधी शंभरेक कागद यंत्रातून घालून पाहा. अडकले तर दोष बहुधा वळणाचा किंवा ओलाव्याचा असतो. गठ्ठा उलटून घाला, तरीही अडकले तर त्याला छपाईतून काढून लिहिण्याच्या कामाला लावा.

वाचवलेल्या प्रत्येक रोलवर नवे लेबल हवे: मूळ रोल क्रमांक, आताची रुंदी, व्यास, वजन, जोड किती, आणि काय झाले होते ते दोन शब्दांत, जसे 'कड छाटली' किंवा 'टोकाकडून भिजला होता'. उलगडण्याची दिशा बदलली असेल तर बाणही नवा काढा. रिवाइंडरवर घेतलेला रोल बहुधा उलट्या दिशेने येतो, आणि हे न लिहिल्याने कागदाची चुकीची बाजू छापली जाते.

उरलेली रद्दी वेगवेगळी ठेवा. पांढरा साधा कागद, तपकिरी क्राफ्ट, लेप दिलेला आणि कोअर असे चार ढीग पुरतात. थर्मल कागद यांपैकी कशातही मिसळू नका, आणि जोडपट्टी लागलेले तुकडे कात्रीने कापून आधीच बाजूला काढा.